बारा मीटरवर मोडलेली पोफळ

दहावीच्या वर्गाला मी गृहपाठात एक उदाहरण दिले होते. ‘१८ मीटर उंचीची पोफळ वादळात मोडली आणि तिचा शेंडा बुंध्यापासून ६ मीटरवर जमिनीला टेकला. तर ती जमिनीपासून किती उंचीवर मोडली?’ अशा उदाहरणांत बहुधा नुसते ‘झाड’ असते. पण श्रीवर्धनच्या मुलांना नुसते झाड सांगून काय होणार, म्हणून मी पोफळ लिहिली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत उत्तर दिसले, १२ मीटर. खरे उत्तर ८ मीटर आहे.

चूक नेहमीचीच होती. दर वर्षी पाच-पंचवीस वह्यांत ती मी लाल शाईने दुरुस्त करते. पण या वेळी त्या एका उत्तरापायी आम्ही दोघींनी चार संध्याकाळी आणि एक सकाळ घातली. इतकी वर्षे शिकवताना माझ्या हातून काय निसटत होते ते मला त्यात दिसले, म्हणून हे प्रकरण घडले तसे लिहून काढते आहे. मुलीचे नाव लिहीत नाही. घरची नारळी-पोफळीची वाडी, वडील वाडीच बघतात, अभ्यासाला कोणी मागे लागावे लागत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तिच्या वहीचे पान आधी नीट बघू. पोफळीचा उभा राहिलेला भाग तिने क्ष मीटर धरला. मोडलेला भाग अर्थातच १८ − क्ष. उभा भाग आणि जमीन या काटकोनाच्या दोन बाजू, मोडलेला भाग हा कर्ण. इथपर्यंत एक अक्षरही चुकलेले नाही, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांना इथवरही पोचता आले नव्हते. पुढे तिने लिहिले होते:

क्ष² + ६² = (१८ − क्ष)²
क्ष² + ३६ = ३२४ − क्ष²
२क्ष² = २८८
क्ष² = १४४
क्ष = १२

खाली ‘ताळा: १२ + ६ = १८’ आणि त्याखाली दुहेरी रेघ.

दुसऱ्या ओळीत घसरण झाली आहे. (१८ − क्ष)² चा विस्तार करताना तिने दोन्ही पदांचे वेगवेगळे वर्ग केले आणि मधे उणे ठेवले. पण मला जास्त बोचले ते शेवटचे उत्तर. किती स्वच्छ आले आहे बघा. १४४ चे वर्गमूळ झोपेतून उठवले तरी मुले सांगतात. पूर्ण संख्या आली की उत्तर बरोबर, हा विश्वास आम्हीच वर्षानुवर्षे त्यांच्या मनात रुजवलेला असतो. ६ ऐवजी ७ मीटर दिले असते तर तिच्या रीतीने क्ष² = १३७.५ आले असते आणि ती तिथेच थबकली असती. खरे उत्तर सुटसुटीत यावे म्हणून मी आकडे निवडले, आणि त्याच आकड्यांनी चुकीचे उत्तरही सुटसुटीत झाले. त्यावर तिने ताळाही केला होता. दोन तुकड्यांची बेरीज अठरा व्हायलाच हवी, कारण दुसरा तुकडा तिने अठरातून बारा वजा करूनच काढला होता. ताळ्याने काहीच तपासले नव्हते, पण करायची म्हणून असलेली एक गोष्ट तिने प्रामाणिकपणे केली होती.

मी काय केले? जे नेहमी करते तेच. लाल शाईने दुसरी ओळ खोडली, शेजारी बरोबर विस्तार लिहिला आणि ‘दुरुस्ती तीन वेळा लिही’ असा शेरा दिला. तिने सुवाच्य अक्षरात तीन वेळा लिहिली. दोन दिवसांनी मी तेच उदाहरण अंतर बदलून दिले. ६ च्या जागी १२ मीटर. तिच्या वहीत पुन्हा क्ष² + १४४ = ३२४ − क्ष², मग क्ष² = ९०, आणि उत्तर ३√१०. म्हणजे माझ्या लाल शाईचा उपयोग शून्य झाला होता.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ओटीवर सतरंजी टाकून बसलो. रागावण्यासारखे काही नव्हतेच. मी तिला एवढेच म्हटले, “मला हे झाड काढून दाखव.”

“कुठे काढू, बाई?”

“याच पानावर.”

“ही बीजगणिताची वही आहे ना, म्हणून आकृती नाही काढली.”

या एका वाक्यापाशी मी अडकून राहिले. आमच्याकडे गणित भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. पुस्तके दोन, वह्या दोन, बोर्डाच्या प्रश्नपत्रिका चाळीस-चाळीस गुणांच्या दोन, त्याही वेगवेगळ्या दिवशी. एका वहीत क्ष असतो, दुसऱ्या वहीत पक्ष, साध्य आणि सिद्धता. पायथागोरसचे प्रमेय तिने भूमितीच्या वहीतून उचलून इकडे आणले खरे, पण त्याचा त्रिकोण तिकडेच ठेवून आली. समीकरण मांडून झाले की झाड संपले आणि चिन्हे उरली.

तिने आकृती काढायला घेतली. प्रमाण ठरले १ सेंटिमीटर = २ मीटर. जमिनीची आडवी रेघ, बुंध्यापासून ३ सेंटिमीटरवर एक खूण. गुण्या लावून ६ सेंटिमीटरची उभी रेघ, म्हणजे तिची बारा मीटरवर मोडलेली पोफळ. उरलेला तुकडा सहा मीटरचा, म्हणून कंपासमध्ये ३ सेंटिमीटर अंतर घेतले. टोक उभ्या रेघेच्या माथ्यावर रोवून कंस फिरवला. कंस हवेतच फिरला. जमिनीपासून ३ सेंटिमीटरच्या खाली तो आलाच नाही. तिला वाटले अंतर चुकले, म्हणून तिने पट्टीवर पुन्हा मोजून घेतले. दुसऱ्यांदाही तेच झाले.

मी काही बोलले नाही. बोलण्याचा मोह फार होतो, पण गप्प राहिले. ती कागदाकडे बघत होती. मग तिने ओटीवरून वाडीकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई, हा तुकडा जमिनीला लागणारच नाही. सहा मीटरचा तुकडा बारा मीटरवरून लोंबतोय.”

वाडीत वाढलेल्या मुलीला हे आधीच ठाऊक होते. वर राहिलेल्या खोडापेक्षा मोडलेला तुकडा आखूड असेल तर शेंडा जमिनीपर्यंत येत नाही, हे समजायला दहावीची काय, शाळेचीही गरज नाही. पण ते ज्ञान वहीच्या दारातून आत आलेच नव्हते. मग आम्ही तेच भूमितीच्या भाषेत लिहिले. कर्ण ही काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू. तिच्या उत्तरात कर्ण ६, पाया ६, उभी बाजू १२. सहा आणि सहा बारा, म्हणजे दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच. असा त्रिकोणच होत नाही. दुसऱ्या उदाहरणात ३√१० म्हणजे सुमारे साडेनऊ, तुकडा साडेआठाचा आणि पाया बाराचा. तिथेही कर्ण पायापेक्षा आखूड. हे तिने माझ्या आधी सांगितले.

उत्तर चूक आहे हे कळले. का चूक आहे हे अजून कळायचे होते. “(अ − ब)² चे सूत्र सांग,” म्हटल्यावर तिने ते धडाधड म्हणून दाखवले, अ² − २अब + ब². पाठांतर पक्के होते. पण अ च्या जागी १८ आल्यावर तिला ते सूत्र ओळखू आले नाही. अक्षरांचे सूत्र अक्षरांसाठी, आकडा आला की आकड्याचा वर्ग करून मोकळे व्हायचे, असे तिच्या हाताला वळण होते.

दुसऱ्या संध्याकाळी चौकटीची वही घेतली. १८ चौकटींचा चौरस आखला, आत ३२४ चौकटी. क्ष च्या जागी मुद्दाम ३ घेतले, म्हणजे खरे उत्तर फुटायला नको. उजवीकडची तीन चौकटी रुंद पट्टी रंगवली, वरची तीन चौकटींची पट्टी रंगवली. न रंगवलेला चौरस उरला १५ × १५, म्हणजे २२५. तिच्या रीतीने मात्र ३२४ − ९ = ३१५ यायला हवे होते. आता ३२४ वरून २२५ ला कसे पोचायचे? एक पट्टी १८ × ३ = ५४ चौकटींची, दुसरीही ५४ ची. दोन्ही वजा केल्या तर २१६ उरतात, नऊ कमी पडतात. तिने पेन्सिल त्या वरच्या कोपऱ्यावर ठेवली. “हा कोपरा दोनदा गेला. दोन्ही पट्ट्यांत आहे तो.” म्हणून तो एकदा परत द्यायचा. + ब² मधले अधिक चिन्ह कुठून येते ते तिने सातवीपासून पहिल्यांदाच पाहिले. मीही वर्गात हा चौरस फळ्यावर काढते, पण पाच मिनिटांत पुसून टाकते. स्वतःच्या हाताने रंगवायला तिला पाऊण तास लागला.

मग तिने उदाहरण पुन्हा मांडले:

क्ष² + ३६ = ३२४ − ३६क्ष + क्ष²

आणि हात थांबला. “बाई, वर्गच गेला.” दोन्हीकडचा क्ष² निघून जातो आणि ३६क्ष = २८८ उरते, क्ष = ८. मला वाटले तिला आनंद होईल. ती अस्वस्थ झाली. “वर्गसमीकरणाच्या धड्यात वर्ग उरायला हवा ना? पहिल्या वेळी उरला होता, म्हणून मला ते बरोबर वाटलं.” हे ऐकून मला फार वाईट वाटले. तिने गैरसमज करून घेतला नव्हता, मी जिथे उदाहरण ठेवले त्या जागेवरून तिने सरळ अंदाज बांधला होता. धड्याचे नाव बघून रीत ठरवायची हे आमच्या गृहपाठाने मुलांना शिकवले आहे. उदाहरण कोणत्या धड्याचे आहे ते त्याला स्वतःला ठाऊक नसते, सोडवताना काय उरेल ते उरेल, असे मी तिला सांगितले, आणि त्या आठवड्यापासून धड्याचे नाव न घालता गृहपाठ देऊ लागले.

नवी आकृती तिने न सांगता काढली. ४ सेंटिमीटर उंचीवरून ५ सेंटिमीटरचा कंस, आणि तो जमिनीच्या रेघेला बरोबर ३ सेंटिमीटरवरच्या खुणेवर भेटला. ६, ८, १०.

इतका वेळ तिचे आजोबा पडवीत सुपाऱ्या निवडत बसले होते. त्यांनी विचारले, “पोफळ मोडल्यावर तुकडा खोडाला धरून राहतोच असं कोणी सांगितलं?” ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा ही मुलगी चौथी संपवून पाचवीत जायची होती. त्यांच्या वाडीतल्या किती पोफळी काडीसारख्या तुटून लांब पडल्या, किती धाग्यांवर लोंबत राहिल्या, किती मुळासकट गेल्या, हे आजोबांनी झाडागणिक दाखवले. उभी पिढी गेली त्या दुपारी. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. नव्या झाडांना आता कुठे सुपारी दिसते आहे.

त्यांचा मुद्दा गणिताच्या दृष्टीनेही अचूक होता. तुकडा सुटून पडला असेल तर कर्ण १८ − क्ष धरायला काही आधार नाही. माझ्या उदाहरणाच्या पक्षात ‘मोडलेला भाग खोडाला जोडलेलाच राहिला’ हे वाक्य हवे होते आणि मी ते लिहिले नव्हते. भूमितीत पक्ष लिहिल्याशिवाय मी मुलांना पुढे जाऊ देत नाही, आणि बीजगणिताच्या उदाहरणात मीच तो गाळला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात उदाहरण सुधारून पुन्हा लिहून दिले.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिला दुसरी वाट दाखवली, कारण ती फार सुंदर आहे आणि दाखवल्यावाचून मला राहवले नाही. कर्णाला य म्हणू. य + क्ष = १८ हे आपल्याला माहीत आहे. पायथागोरस सांगतो य² − क्ष² = ३६. डावी बाजू म्हणजे (य + क्ष)(य − क्ष). म्हणून य − क्ष = ३६ ÷ १८ = २. आता दोन ओळी समोर आहेत, बेरीज १८, वजाबाकी २. दोन चलांतील रेषीय समीकरणे, भाग १ चा पहिलाच धडा! य = १०, क्ष = ८. जिथे ती घसरली तो विस्तार या वाटेवर लागतच नाही.

ही रीत माझी नव्हे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त वाऱ्याने मोडलेल्या वेळूचे उदाहरण आहे. वेळू ३२ हात, शेंडा मुळापासून १६ हातांवर टेकला. तिथली रीत अशी की अंतराच्या वर्गाला वेळूच्या लांबीने भागावे, आलेली संख्या लांबीत एकदा मिळवून आणि एकदा वजा करून दोन्हींचे निम्मे करावे. २५६ ÷ ३२ = ८. चाळीसचे निम्मे २० हा कर्ण, चोविसाचे निम्मे १२ हा उभा भाग. तिने हे वेळूवर करून पाहिले, मग स्वतःच्या पोफळीवर, आणि दोन्हीकडे उत्तर जमल्यावर विचारले, “त्यांच्या वेळी बीजगणित आणि भूमिती वेगळी नव्हती का?” भास्कराचार्यांचा बीजगणितावर वेगळा ग्रंथ आहे, हे मी तिला सांगितले. पण वेळूच्या उदाहरणात दोन्ही एकाच ओळीत राहतात, हेही तिला दिसत होते.

मग तिने आपणहून अंतरे बदलायला सुरुवात केली. शेंडा बुंध्यापाशीच टेकला तर मोड ९ मीटरवर. ६ मीटरवर टेकला तर ८. १२ मीटरवर तर ५. १८ मीटरवर तर ०, म्हणजे पोफळ मुळातूनच आडवी. ९, ८, ५, ०. तिच्या लक्षात आले की हे आकडे १, ३, ५ असे विषम संख्यांनी उतरतात. त्याआधीच तिने एक वाक्य लिहून ठेवले होते, ‘शेंडा जमिनीला टेकला असेल तर मोड निम्म्याच्या वर कधीच नसणार.’ त्याखाली कारण, ‘कर्ण मोठा.’ हे तिचे स्वतःचे छोटे प्रमेय आहे. कोणत्याही पुस्तकातून तिने ते घेतलेले नाही.

चौथी संध्याकाळ ३√१० च्या जागी ५, १२, १३ लिहिण्यात आणि जुन्या गृहपाठातली अशीच घसरलेली उदाहरणे शोधण्यात गेली. सात सापडली. त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही.

सकाळची गोष्ट मात्र सांगते. दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारले की १८ मीटरची पोफळ खरेच असते का. वाडीत आत सावल्या एकमेकींत मिसळतात, म्हणून अंगणाच्या कडेची एक जुनी, वादळातून वाचलेली पोफळ निवडली. पावणेअकराच्या सुमारास एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी धरली, तिची सावली भरली ८० सेंटिमीटर. पोफळीची सावली ११.२ मीटर. काठी आणि तिची सावली, पोफळ आणि तिची सावली, दोन्ही त्रिकोणांत एक काटकोन आणि सूर्याचा तोच कोन, म्हणून कोको कसोटीने समरूप. ११.२ ÷ ०.८ = १४ मीटर. आजोबा म्हणाले, वादळाआधी याहून उंच होत्या. आमच्या उदाहरणातली पोफळ त्यांपैकीच एक असणार, असे तिने ठरवून टाकले.

नोव्हेंबरात सराव परीक्षेत एक उदाहरण होते. काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या बाजूंपैकी एक दुसरीपेक्षा ७ सेंटिमीटरने मोठी, कर्ण १३ सेंटिमीटर, तर बाजू काढा. तिची उत्तरपत्रिका माझ्याकडेच तपासायला आली. तिने लिहिले होते क्ष² + क्ष² + ४९ = १६९. तीच चूक पुन्हा. पुढे क्ष² = ६०, क्ष म्हणजे सुमारे ७.७. आणि शेजारी समासात बोटाएवढा काटकोन त्रिकोण, एका बाजूवर १४.७, कर्णावर १३. त्यावर एक तिरकी रेघ आणि दोन शब्द, ‘कर्ण लहान?’ वरच्या चारही ओळी तिने खोडल्या होत्या. खाली नव्याने क्ष² + ७क्ष − ६० = ०, मग (क्ष + १२)(क्ष − ५) = ०. उणे बारासमोर ‘लांबी नाही’ असे लिहून ते सोडून दिले होते. बाजू ५ आणि १२.

खोडलेल्या ओळींनाही मी बाजूला बरोबरची खूण केली.